मांडीवरचे बाळ आणि विमानातला पट्टा

प्रश्न : माझ्या 9 महिन्यांच्या मुलीला उजळाईवाडीहून विमानाने मुंबईला न्यायचे आहे. कान दुखतील का? मांडीवर घेणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, कान बहुधा विमान उतरताना दुखतात, कारण केबिनमधील हवेचा दाब वाढत असताना बाळाच्या कानातील अरुंद नळी चटकन उघडत नाही, गिळताना ती उघडते, म्हणून विमान खाली येऊ लागताच तिला अंगावर पाजावे. झोपलेल्या बाळाला उठवणे जिवावर येते, तरी उठवावे. 2 वर्षांखालील मूल मांडीवर नेता येते, परंतु स्वतःचा पट्टा दोघींभोवती मिळून मुळीच बांधू नये, कारण धक्का बसल्यास तुमचा सारा भार तिच्या पोटावर येईल. कर्मचाऱ्यांकडून बाळाचा जोडपट्टा, म्हणजे तुमच्या पट्ट्यात अडकवून बाळाभोवती वेगळा बांधायचा छोटा पट्टा, मागून घ्यावा. वेगळे आसन आणि विमानासाठी मान्य असलेली बाळखुर्ची याहून सुरक्षित, पण खर्चिक. सर्दी असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.