इसार द्यायच्या आधी वकील

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. नागपुरात बेसा साइडला आरएल प्लॉट, म्हणजे नियमित केल्याचं पत्र असलेला, पाहिलास, रेट बरा वाटला, मालक म्हणतो शनिवारी इसार द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आणि वकील रजिस्ट्रीच्या वेळी करू असं तुझं ठरलंय. तर आधी हेच सांगतो, वकील आत्ता कर. रजिस्ट्रीच्या वेळी तो कागद तयार करून देतो बस, त्यात भानगड निघाली तरी तोवर तुझा पैसा अडकलेला असतो आणि मालकाला काही घाई उरलेली नसते.

मी 2006 मध्ये हुडकेश्वरकडे प्लॉट घेतला तेव्हा असंच केलं होतं. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं, दोघांनी सह्या केल्या, घरी पेढे वाटले. त्यांची एक बहीण अमरावतीला दिलेली होती, तिनं हक्कसोड करून दिलेलंच नव्हतं, आणि हे मला कळलं दीड वर्षानं कोर्टाचं समन्स घरी आलं तेव्हा. नऊ वर्षं तारखा केल्या बेटा. तुझ्या काकूनं त्या प्लॉटसाठी पाटल्या मोडल्या होत्या, ते आजही मनातून जात नाही. वकिलानं जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून वारस मोजले असते तर एका आठवड्यात समजलं असतं.

आरएल आहे म्हणजे झालं असं समजू नको. नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, ते पत्र गुंठेवारीत, म्हणजे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीत, प्लॉट नियमित झाला एवढंच सांगते, विकणारा खरा मालक आहे का ते नाही सांगत. त्यासाठी वकिलाला जुन्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च काढायला सांग, अहवाल लेखी घे, आणि पेपरात जाहीर नोटीस दे म्हणजे कोणाचा हक्क असला तर तो आत्ताच समोर येईल. मुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल तर मूळ मालकाला भेटल्याशिवाय एक रुपया देऊ नको. नझूलची, म्हणजे सरकारी, किंवा लीजची जागा असली तर लीज कधी संपते आणि ट्रान्सफरची परवानगी कोणाची लागते, हे बघणं तुझ्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

बँकेचा वकील बघतोच ना, असं म्हणशील. तो बँकेसाठी बघतो, आणि लोनची फाइल जाईपर्यंत तुझा इसार देऊन झालेला असतो. बिल्डरनं किंवा दलालानं सुचवलेला वकीलही नको, भला माणूस असला तरी नको, तुझा स्वतःचा पाहिजे. फी आधीच ठरवून घे.

प्लॉटऐवजी नव्या स्कीममधला फ्लॅट घ्यायचं मनात आलं तर महारेरा नंबर, म्हणजे स्कीमची सरकारी नोंदणी, तुला स्वतःलाच त्यांच्या वेबसाइटवर बघता येतो, आणि अशा स्कीममध्ये रजिस्टर करारनामा झाल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांच्या वर रक्कम घेऊच शकत नाही. पण करारनाम्याचा मसुदा सही करायच्या आधी वकिलाला दाखव, आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा किती लिहिलाय ते त्याच्याकडून समजून घे.

मालकाला सांग, कागद बघून पंधरा दिवसांत इसार देतो. तो थांबत नसेल तर जाऊ दे त्याला, प्लॉट दुसरा मिळते. सातबारा, आरएल आणि आधीच्या विक्रीपत्राची झेरॉक्स आजच माग, आणि रविवारी सगळं घेऊन घरी ये. मी ज्यांच्याकडे शेवटी गेलो होतो त्या वकील बाईंकडे सोमवारी तुझ्यासोबत येतो.

तुझा,
काका