‘नाइस’ दिसलं की लगेच ‘छान’ लिहू नकोस

तुझा अनुवाद वाचला. ‘नाइस डिस्टिंक्शन’चं तू ‘छान फरक’ केलंस, तिथे अडखळलो. तिथे ‘सूक्ष्म भेद’ हवा. सुरुवातीला मीही हेच करायचो, म्हणून रागावत नाही.

हा शब्द मोठा बहुरूपी. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अजाण. त्यात ‘ने’ नकाराचा आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ही त्याच धातूचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो १३०० च्या सुमारास, चक्क ‘मूर्ख’ या अर्थाने! मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर अशी वळणं घेत १८ व्या शतकात ‘छान’पाशी पोचला. आपला ‘शहाणा’ उलट्या वाटेने गेला बघ. सदाशिव पेठेत कुणी ‘फारच शहाणे आहात’ म्हणालं, तर ते कौतुक नसतं.

तेव्हा मजकूर कोणत्या काळातला, हे आधी बघ. जुन्या कादंबरीतला ‘नाइस’ माणूस नुसता चोखंदळही असेल. आजच्या बोलण्यात ‘नाइस अँड वॉर्म’ला ‘छान आणि गरम’ नको, ‘मस्त ऊबदार’ कर. उपरोधाने आलेल्या ‘ओह, नाइस!’ला मात्र ‘वा, छान!’ अगदी फिट्ट बसतं.

आणि अप्पा बळवंत चौकात चक्कर मारून एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घेऊन ये. मोल्सवर्थ-कँडींचा १८४७ चा कोश कुठे चाळायला मिळाला तर सोडू नकोस. त्यातली मराठी जुनी वाटेल, पण जुन्या मजकुराला तीच कामी येते.