सड्यावरचे पिवळे फूल: सोनकी, कारळा की आणखी काही?

प्रश्न: देवगडजवळच्या आमच्या गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) भाद्रपदापासून वीतभर उंचीच्या रोपांना सूर्यफुलासारखी छोटी पिवळी फुले येतात. खाली पुळणीवर वाळूत पसरणारी एक वेल आणि केवड्याच्या आडोशाला वाढणारे एक झुडूप यांचीही फुले पिवळीच आहेत. मोबाइलमधील ॲप एकाच फुलाला दर वेळी वेगळे नाव देते आणि एकदा तर त्याने ‘रानटी ॲस्टर’ असे सांगितले. ही ॲस्टरची एखादी दुर्मीळ जात असेल का? घरच्या घरी फरक कसा ओळखावा?
(एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर: पहिल्या शंकेचे उत्तर रंगातच आहे. ॲस्टर वंशातील फुलाचा मधला भाग पिवळा असला, तरी कडेच्या ‘पाकळ्या’ पांढऱ्या, जांभळ्या किंवा निळसर असतात. आपली तिन्ही फुले कडेपर्यंत पिवळी आहेत, तेव्हा त्यांपैकी एकही ॲस्टर नाही. खऱ्या ॲस्टरच्या जाती आपल्या देशात हिमालयात आढळतात. सणासुदीला बाजारात येणारा ॲस्टर हा कॅलिस्टेफस या निराळ्या वंशातला आहे. ॲस्टर हे नाव पूर्वी फार सैलपणे वापरले जाई. 1994 मध्ये गाय नेसम या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतील बहुतेक ॲस्टर वेगळ्या वंशांत हलवले, आणि तेव्हापासून हा शब्द अधिक जपून वापरावा लागतो. आपली फुले ॲस्टरच्या कुळातली, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली आहेत, इतकेच ॲपचे बरोबर आहे.

या कुळात आपण एक फूल म्हणून जे खुडतो, तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. त्याला स्तबक म्हणतात. कडेला जिभेच्या आकाराची किरणपुष्पके, मध्ये नळीच्या आकाराची बिंबपुष्पके आणि खालून सगळ्यांना कवेत घेणारी हिरवी छदे, अशी त्याची रचना असते. फोटो बहुधा वरून काढला जातो आणि वरून ही सगळी फुले सारखीच दिसतात. म्हणून फूल हातात आले की प्रथम ते उलटे करावे, आणि मग ब्लेडने उभे मधोमध चिरून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहावे.

सड्यावरचे रोप सोनकीचे असावे, असे आपल्या वर्णनावरून वाटते. मात्र त्याच दिवसांत कोकणात कारळाही फुलतो, शेतातून निसटून बांधावर आणि वरकस जमिनीवर उगवतो, आणि दुरून दोन्हींचा पिवळा गालिचा एकसारखाच भासतो. सोनकी म्हणजे सेनेसिओ वंशातील आपली पश्चिम घाटाची वनस्पती. तिची पाने खोडावर एकाआड एक येतात. फूल उलटे केले की अरुंद, सारख्या उंचीची छदे एकाच ओळीत, कुंपणाच्या काठ्यांसारखी कडेला कडा लावून उभी दिसतात आणि त्यांच्या बुडाशी दोनचार अगदी लहान छदे असतात. कारळ्याची पाने, निदान खालची तरी, समोरासमोर जोडीने येतात, आणि त्याच्या फुलाखाली बाहेरच्या बाजूला पाच रुंद, पानांसारखी हिरवी छदे पसरलेली असतात. एवढ्यावरही खात्री न पटल्यास चिरलेला अर्धा भाग पाहावा. कारळ्यात प्रत्येक बिंबपुष्पकाला टेकून एक पातळ, कोंड्यासारखे तूस उभे असते आणि पुष्पकाच्या बुडाशी उडणारे केस नसतात. चटणीसाठी भाजतो तो काळा, चकचकीत कारळा हे त्याचेच फळ. सोनकीच्या पुष्पासनावर, म्हणजे पुष्पके ज्यावर बसलेली असतात त्या बुडाच्या भागावर, तुसे नसतात, आणि या वंशात बिंबपुष्पकांच्या बुडाशी सहसा पांढऱ्या, रेशमासारख्या केसांचा झुबका असतो, त्याला पिच्छसंदल म्हणतात. सेनेसिओच्या जवळच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या असतील, तर मात्र पिकलेली फळे आणि पाने दोन्ही पाहावी लागतात. नुसत्या फुलावरून जातीचे नाव देण्याची घाई मी करणार नाही.

पुळणीवरची वेल ओळखणे सोपे आहे. तिचे पान तोडल्यावर दुधासारखा चीक आला आणि गुच्छातील सगळीच पुष्पके जिभेच्या आकाराची, टोकाला पाच बारीक दातांची निघाली, तर ती पाथरीच्या जातभाईंपैकी लाउनिया सार्मेन्टोसा होय. वाळूवर धावणाऱ्या तिच्या फांद्या पेरापेराला मुळे धरतात. केवड्याजवळचे झुडूप वोलास्टोनिया बायफ्लोरा असावे: पाने समोरासमोर, खरखरीत, दातेरी, बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरांची, आणि फळे जाड, पाण्यावर तरंगणारी, त्यामुळे ती समुद्राबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने पसरतात. पान तीन खंडांचे आणि चकचकीत असेल, तर ती बागेतून सुटलेली अमेरिकी स्फॅग्नेटिकोला समजावी. ती जगातील सर्वांत उपद्रवी आगंतुक वनस्पतींच्या यादीत आहे, म्हणून घराच्या कुंपणाला ती लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

यांतील एकही वनस्पती दुर्मीळ नाही, हे वाचून आपला हिरमोड होईल. तथापि या कुळातील खरोखर दुर्मीळ वनस्पती सगळ्याच अशा ठसठशीत पिवळ्या नसतात. नॅनोथॅम्नस सेरिसियस हे रेशमी लव असलेले बुटके रोप पश्चिम भारताबाहेर आढळत नाही आणि त्या वंशात ही एकच जात आहे. त्याच्या गुच्छाला दुरून दिसणाऱ्या किरणपुष्पकांची कड नाही, म्हणून शेजारून जाणाऱ्याचेही तिकडे लक्ष जात नाही. कातळावरच्या मातीच्या पातळ थरात उगवणारी अशी रोपे चिऱ्याच्या खाणीसाठी सडा खरवडला की पुन्हा उगवत नाहीत, आणि सुरुंग लावून, बाहेरची माती टाकून केलेल्या कलमांच्या बागेतही ती टिकत नाहीत. म्हणून सड्यावरून रोप मुळासकट उपटून आणू नये.

पुढच्या वेळी प्रत्येक रोपाचे चार फोटो काढावेत: वरून, उलट्या फुलाचा, उभ्या चिरेचा आणि खोडाला पाने कशी जोडली आहेत याचा. दसऱ्यानंतर फळे पिकली की त्यांतली चार-पाच कागदाच्या पुडीत ठेवून पुडीवर तारीख, गाव आणि जागा (कातळ, बांध की वाळू) लिहावी. चारही फोटो आणि पुडी पाठवलीत, तर सड्यावरच्या रोपाचे नाव जातीपर्यंत नेण्याचा प्रयत्न करता येईल.