जुना विद्यार्थी अचानक भेटला तर

नवीनच रुजू झाली आहेस, म्हणून सांगते. जुना विद्यार्थी समोर आला आणि नाव आठवलं नाही, तर आठवल्याचा आव आणू नकोस. ‘चेहरा ओळखीचा आहे रे, नाव सांग’ म्हण. मुलांना राग येत नाही.

परवा स्वारगेटहून साताऱ्याच्या एसटीत बसले. कंडक्टर मशीनमधून माझं अर्धं तिकीट काढता काढता थबकला. ‘बाई, तुम्ही मला रोज फळ्यावर तारीख लिहायला लावायचात.’ मला काहीच आठवेना. त्याला खडूचा रंगसुद्धा आठवत होता!

दहावीला किती पडले, पगार किती, हे मुळीच विचारू नकोस. भर गाडीत पाया पडला तरी संकोचू नकोस, डोक्यावर हात ठेव. आणि आजपासून वर्गातल्या प्रत्येकाबद्दल वहीत एकेक ओळ लिहून ठेव. मी ते फार उशिरा सुरू केलं.