झोप किती वाजता मोडते, ते आधी सांगा

प्रश्न : वय ४६. विड्या वळते. ६ वर्षं आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज रात्री जेवणानंतर प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम चालू आहे. ११ ला पडते, पण १ पर्यंत डोळा लागत नाही. लागला तर ३ ला बोटं ठणकून जाग येते. सकाळी तासभर मूठ वळत नाही. शेजारच्या काकू झोपेची गोळी घेतात, त्यातली अर्धी घेऊ का?
— एक भगिनी, अशोक चौक

उत्तर : ताई, ती गोळी नका घेऊ. तिनं ठणका थांबत नाही, आणि घोरण्याचा त्रास असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा धोका वाढतो. तुमच्या पत्रात दोन वेगळे त्रास आहेत, ते वेगळे करून पाहू.

१ वाजेपर्यंत झोप न येण्यामागे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीची वेळ असू शकते. ही गोळी रात्री घेतली की मेंदू जागा राहतो. म्हणून साधी प्रेडनिसोलोन सकाळी, काहीतरी खाऊन घ्यायची असते. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. मात्र मनानं बंद करू नका. रोजची स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. (रात्री १० ला घेऊन पोटात पहाटे २ च्या सुमारास विरघळणारी खास गोळीही असते. ती वेगळी, तुमची ती नव्हे.)

३ ची जाग मात्र आजाराची आहे. सूज पेटवणारी द्रव्यं, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६, मध्यरात्रीनंतर वाढत जातात. त्यांना आवर घालणारं शरीराचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळकडे चढतं, आणि आमवातात तेही पुरेसं पडत नाही. त्यात रात्रभर सांधे हललेले नसतात. म्हणून पहाटे ठणका आणि उठल्यावर बोटं आखडलेली. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखलं की पुन्हा झोप जाते. औषधं चालू असताना तासभर मूठ वळत नाही, म्हणजे आमवात आटोक्यात नाही. सुजलेले सांधे मोजून, ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) पाहून मूळ औषध, म्हणजे मेथोट्रेक्सेट, वाढवायचं की बदलायचं, हे डॉक्टरांनी ठरवायला हवं. तुमच्या झोपेचं खरं औषध ते आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर विष होते.

डॉक्टरांकडे जाताना ७ दिवसांची वही न्या. कधी पडलात, कधी जाग आली आणि कशानं: ठणका, मुंग्या, लघवी, उकाडा. नळाला पाणी पहाटे येत असेल आणि त्यासाठी उठावं लागत असेल, तर तेही लिहा. ती जाग औषधानं जाणार नाही. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दबते आहे. दिवसभर मनगट वाकवून विड्या वळणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावला की बराच फरक पडतो.

आपली सोलापुरी चादर जाड आणि वजनदार. सुजलेल्या पायाच्या बोटांवर तिचा भारही सोसत नाही. पायथ्याशी बुटकं स्टूल ठेवून चादर त्यावरून घ्या, बोटं मोकळी राहतात. गुडघ्याखाली रोज उशी घेऊ नका. तेव्हा बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहू लागतो. सकाळी उठण्याआधी पडल्या पडल्या १० वेळा मूठ उघडा-मिटा, मग १० मिनिटं हात कोमट पाण्यात धरा.

प्रश्न : वय २७, यंत्रमागावर काम. ८ महिने कंबर दुखते. पहाटे उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, पडून राहिलं की वाढतं. गादी बदलली, उपयोग नाही.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : दोष गादीचा नाही. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, ३ महिन्यांहून जास्त टिकलेली, विश्रांतीनं वाढणारी आणि हालचालीनं कमी होणारी कंबरदुखी सुजेच्या वाताची असू शकते. त्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, म्हणून 'काही नाही' ऐकून थांबू नका. सॅक्रोइलियाक सांध्यांच्या (कणा कमरेच्या हाडाला जोडणारे सांधे) एमआरआयबद्दल संधिवाततज्ज्ञांना विचारा. एचएलए-बी२७ ची, म्हणजे या आजाराशी जोडलेल्या जनुकाची, रक्ततपासणी मदतीला येते, पण एकटीवर निदान होत नाही. सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी बरेचदा रात्रीच्या जेवणानंतर देतात, म्हणजे पहाटेला तिचा असर असतो. दुकानातून आणून रोज खाऊ नका. पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो. उशी पातळ घ्या. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : आईला आमवात आहे. रात्री पाय दुखत नाहीत, पण स्वस्थ ठेवता येत नाहीत. उठून चालली की थांबतं.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हा बेचैन पायांचा त्रास वाटतो. आमवातात तो जास्त आढळतो आणि लोहाच्या कमतरतेनं वाढतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, पण सुजेमुळे तो आकडा खोटाच चांगला दिसू शकतो, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं रक्तातलं प्रथिन किती भरलेलं आहे, त्याची तपासणी) हेही सोबत करून घ्या. लोह कमी निघालं तर त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि जेवणाला लागून चहा नको. तासाभराचं अंतर ठेवा. झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी ही वळवळ वाढते, आई त्या घेत असतील तर डॉक्टरांना नावासकट दाखवा.