महासभा, ग्रामसभा आणि क्षेत्रसभा

प्रश्न असा आला आहे: 'माझे माहेर सिन्नर तालुक्यातले. गावी ग्रामसभेत कोणीही उठून पाण्याचा विषय काढतो. आता पाथर्डी फाट्यावर राहते. इथे नाशिक महापालिकेची महासभा असते, तिथे मला बोलता येईल का? सभा तर दोन्हीकडे आहेच.'

ताई, सभा दोन्हीकडे असली तरी ती कोणाची, हे पाहायला हवे. ग्रामसभा मतदारांची. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सदस्य असतो आणि हे राज्यघटनेतच लिहिलेले आहे. पुष्कळजण ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एकाच अर्थाने वापरतात, तसे करू नये. पंचायतीत निवडून आलेले बसतात, ग्रामसभेत निवडून देणारे.

महासभा ही नगरसेवकांची सर्वसाधारण सभा. पालिकेत मुरलेले लोक तिला अजून 'जनरल बॉडी'च म्हणतात. अध्यक्षस्थानी महापौर. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती आणि २०१७च्या निवडणुकीत नगरसेवकांच्या जागा होत्या १२२. राजीव गांधी भवनात प्रेक्षक गॅलरीत बसून तुम्ही कामकाज ऐकू शकता, पण सभागृहात बोलणार सदस्यच. तुमचा विषय तिथे न्यायचा तर नगरसेवकामार्फत.

मग शहरातल्या मतदाराची स्वतःची सभा नाहीच का? आहे, आणि तिचे नाव फार थोड्यांच्या कानांवर पडले आहे, याची मला खंत वाटते. ती म्हणजे क्षेत्रसभा. २००९ साली महापालिका अधिनियमात तिची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या हद्दीवरून ठरणाऱ्या छोट्या क्षेत्रातले सगळे मतदार तिचे सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. ग्रामसभेला शहरी प्रतिशब्द शोधायचा तर तो हाच. महासभा नव्हे.

प्रभाग समिती आणखी वेगळी. नाशिकमध्ये सहा विभाग आहेत: पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, पूर्व आणि पश्चिम. त्या त्या विभागातल्या अनेक प्रभागांचे नगरसेवक मिळून ती समिती बनते. त्यामुळे 'प्रभाग समिती' ऐकून एकाच प्रभागाची समजू नये. (देवळाली कॅम्पात यातले काहीच लागू नाही. तिथे छावणी परिषद आहे, आणि भगूरला स्वतंत्र नगरपरिषद.)

नागरिकांनी बोलण्यासाठी पालिकेच्या भाषेत आणखी एक जोडशब्द आहे: 'हरकती व सूचना'. प्रारूप प्रभाग रचना किंवा विकास आराखडा जाहीर झाला की त्या मागवतात. यातल्या 'सूचना'चा अर्थ नोटीस नव्हे, तर आपण सुचवलेली गोष्ट. म्हणजे नुसता विरोध असेल तरच लिहायचे असे नाही.

तुमच्या पाण्याच्या विषयासाठी नगरसेवक आणि विभागीय कार्यालय दोघांनाही लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विषयाच्या ओळीत 'क्षेत्रसभा बोलावण्याबाबत' असे स्पष्ट लिहा. शब्द ग्रामसभेसारखाच, सलग.