सिनसिनाटी शहराचा कारभार कसा चालतो, आणि मत नसलेल्याने त्याकडे लक्ष द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी ओहायोतल्या सिनसिनाटीला येताय, महापौर भारतीय वंशाचे आहेत एवढंच कानावर आलंय, आणि एच-१बीवर मत देता येणार नसेल तर या सगळ्यात डोकं घालायचं कशाला. मी या शहरात बरीच वर्षं राहतोय. आधी व्हिसावर होतो, आता नागरिक आहे. माझं स्पष्ट मत आहे की लक्ष घाला, आणि पहिल्या दिवसापासून घाला. फक्त महापौरांपासून सुरुवात करू नका. इथली सगळी गोम आहे ती नऊ नगरसेवक कसे निवडून येतात यात.

शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ९ हजार. वस्त्या ५२, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, पण वॉर्ड एकही नाही. नऊच्या नऊ नगरसेवक सगळ्या शहरातून निवडले जातात, दर दोन वर्षांनी. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. मतदाराने नऊपर्यंत नावांवर खूण करायची आणि सगळ्यात जास्त मतं पडलेले पहिले नऊ निवडून आले, इतका सरळ हिशेब. आता २०२१ मध्ये नऊ जागांसाठी तीसहून जास्त उमेदवार उभे होते. एवढ्या माणसांची माहिती कोण काढणार? मतदान केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते नावं छापलेलं कार्ड हातात देतात आणि पुष्कळ लोक ते समोर धरून खुणा करतात. २०२३ मध्ये सगळ्या नऊ जागा डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा असलेल्यांना मिळाल्या, आणि कौन्सिलमध्ये असलेल्या एकमेव रिपब्लिकन नगरसेविका पराभूत झाल्या. निवडून आलेल्यांपैकी अनेकांचं काम मला पटतं. तरीही ज्या शहरात हजारो लोक दुसऱ्या पक्षाला मत देतात, तिथे त्यांचा एकही माणूस सभागृहात नसावा हे मला योग्य वाटत नाही.

आणि हे शहर एके काळी याहून फार चांगल्या पद्धतीने मतदान करत होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे जॉर्ज कॉक्स नावाच्या रिपब्लिकन पुढाऱ्याची सद्दी होती. सलून चालवणारा हा माणूस शहरातल्या नोकऱ्या आणि कंत्राटं कोणाला मिळायची ते ठरवायचा. तो १९१६ मध्ये वारला, पण त्याने बसवलेली घडी पुढेही टिकली. रस्ते उखडलेले, तिजोरी रिकामी. शेवटी १९२४ मध्ये नागरिकांनीच सह्या गोळा करून शहराचं चार्टर, म्हणजे शहराच्या कारभाराची घटना, मतदानाने बदलून घेतली. ३२ जणांचं कौन्सिल जाऊन नऊ जणांचं आलं. रोजचा कारभार सिटी मॅनेजर नावाच्या व्यावसायिक अधिकाऱ्याकडे गेला. आणि निवडणूक पसंतीक्रमाने होऊ लागली.

पसंतीक्रम तुम्हाला नवा नाही. आपल्याकडे राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची मतं, कोटा (निवडून यायला लागणारी किमान मतं), उरलेली मतं दुसऱ्या पसंतीकडे वळणं हे जे असतं, तेच. फरक इतकाच की इथे ते सामान्य मतदार करत होता, तेही १९२५ पासून. नऊ जागा असल्या की कोटा एक दशांशाच्या जरा वर जातो. म्हणजे शहरातल्या कुठल्याही गटाकडे साधारण दहा टक्के ठाम मतं असली की त्याचा एक माणूस आत जाणारच, मग बाकीच्या नव्वद टक्क्यांना तो आवडो न आवडो. याच पद्धतीने १९३१ मध्ये फ्रँक हॉल हे कौन्सिलमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्या काळातल्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे थिओडोर बेरी आले. वकील, नागरी हक्कांच्या चळवळीतले, १९४९ मध्ये कौन्सिलवर निवडून आलेले. १९५५ च्या निवडणुकीनंतर ते उपमहापौर झाले. महापौर तेव्हा कौन्सिलचे सदस्यच आपल्यातून निवडत असत, त्यामुळे पुढची पायरी कोणती ते सगळ्यांना दिसत होतं. पसंतीक्रम रद्द करायचे प्रयत्न आधीही झाले होते आणि मतदारांनी ते हाणून पाडले होते. १९५७ मध्ये मात्र ‘ही पद्धत ठेवलीत तर कृष्णवर्णीय महापौर येईल’ ही कुजबुज गोऱ्या वस्त्यांमध्ये पद्धतशीर पसरवली गेली, आणि पसंतीक्रम गेला. त्याच वर्षी नव्या पद्धतीने झालेल्या निवडणुकीत बेरी पडले. ज्या माणसाला शहराने आपला उपमहापौर म्हणून पाहिलं होतं, त्याला मतमोजणीची रीत बदलून बाहेर काढता आलं. बेरी १९६३ मध्ये परत निवडून आले आणि १९७२ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, पण मधली पंधरा वर्षं गेलीच. नदीकाठी त्यांच्या नावाची बाग आहे, तुम्ही तिथे फिरायला जालच. १९८८ आणि १९९१ मध्ये पसंतीक्रम परत आणायचे प्रस्ताव मतदानाला आले आणि दोन्ही वेळा हरले. १९२४ ची चळवळ चालवणारी चार्टर कमिटी आजही आहे आणि निवडणुकांमध्ये उमेदवारांना पाठिंबा देते. मला तिच्याबद्दल आदर आहे, पण सध्याच्या मतमोजणीत तिसऱ्या गटाला जागा मिळणं किती अवघड असतं ते तुम्हीच ताडा.

आता महापौर. आफताब पुरेवाल, वडील पंजाबी, आई तिबेटी निर्वासित कुटुंबातली, लहानपणी भारतात आश्रयाला आलेली. ते २०२१ मध्ये निवडून आले आणि २०२५ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांच्यासमोर कोरी बोमन होते, उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे सावत्र भाऊ. पुरेवाल सहज जिंकले. इथल्या भारतीयांना त्यांचं कौतुक आहे, मलाही आहे. पण त्यांच्या अधिकारांची मर्यादा समजून घ्या. महापौराची थेट निवडणूकच मुळी २००१ पासून सुरू झाली. महापौर कौन्सिलच्या बैठकीचे अध्यक्ष असतात, पण त्यांना तिथे मत नसतं. ते ठरावावर नकाराधिकार वापरू शकतात, आणि नऊपैकी सहा जण एकत्र आले तर तो नकार मोडीत निघतो. सिटी मॅनेजरचं नाव महापौर सुचवतात, नेमणूक कौन्सिल करतं. आपल्याकडे पालिका आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि नगरसेवक त्याच्यापुढे हतबल असतात. इथे मॅनेजर शहराचाच नोकर असतो, राज्याचा त्यात हात नसतो. मला या एका बाबतीत ही रचना निःसंशय चांगली वाटते.

सहा मतांचं वजन काय असतं ते २०१३ च्या डिसेंबरमध्ये दिसलं. स्ट्रीटकारचे, म्हणजे शहरातल्या ट्रामचे, रूळ टाकायचं काम सुरू झालेलं होतं आणि ते बंद पाडू असं सांगत निवडून आलेले जॉन क्रॅनली नुकतेच महापौर झाले होते. काम थांबलंही. मग कौन्सिलने सहा विरुद्ध तीन मतांनी ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं, महापौरांना काही करता आलं नाही, आणि २०१६ च्या सप्टेंबरात गाडी धावली. डाउनटाऊनमध्ये ती दिसली की बसा, तिकीट नाही.

वाईट दिवसही सांगायला हवेत. २०२० या एका वर्षात नऊपैकी तीन नगरसेवकांना लाचखोरीच्या प्रकरणांत केंद्रीय तपास यंत्रणेने अटक केली. दोघांनी गुन्हा कबूल केला. तिसरे, पी. जी. सिटनफेल्ड, पुढच्या महापौरपदाचे प्रबळ दावेदार होते. त्यांना २०२२ मध्ये ज्युरीने काही आरोपांत दोषी ठरवलं आणि २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. २०२१ मध्ये नऊपैकी सहा चेहरे नवे आले ते या पार्श्वभूमीवर. बहुतेक आरोप बांधकाम प्रकल्पांना मत देण्याशी जोडलेले होते. सगळ्या शहरातून निवडून यायचं तर प्रचाराला पैसा लागतो आणि तो द्यायला बिल्डर तयार असतात, ही गोष्ट पुण्या-ठाण्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

तुम्ही येण्याआधी झालेला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे रेल्वेची विक्री. हो, या शहराच्या मालकीची रेल्वे होती, सिनसिनाटीपासून टेनेसीतल्या चॅटनूगापर्यंत ३३७ मैल. ओहायोच्या घटनेत शहरांना खाजगी कंपन्यांत पैसे गुंतवायला बंदी होती, म्हणून १८६९ मध्ये मतदान घेऊन शहराने स्वतःच लोहमार्ग बांधायला घेतला. १८८० मध्ये तो पूर्ण झाला. तेव्हापासून तो भाड्याने दिलेला होता आणि अलीकडे वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर यायचे. २०२३ च्या नोव्हेंबरात तो नॉरफोक सदर्न कंपनीला १.६ अब्ज डॉलरला विकावा का, यावर मतदान झालं. थोड्या फरकाने लोकांनी हो म्हटलं. पैसे विश्वस्त निधीत ठेवून त्यांचं उत्पन्न फक्त असलेल्या रस्ते, पूल, बागा, दवाखाने यांच्या दुरुस्तीला वापरायचं, अशी अट आहे. मी विरोधात मत दिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच कंपनीची विषारी रसायनं नेणारी मालगाडी ओहायोत ईस्ट पॅलेस्टाइनला घसरली होती. पण माझं कारण ते नव्हतं. दीडशे वर्षं सांभाळलेली मालमत्ता एकदा विकली की परत मिळत नाही, आणि निधीचं उत्पन्न बाजारावर अवलंबून राहतं. विक्रीच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं की एवढ्या मोठ्या रकमेचं उत्पन्न भाड्यापेक्षा जास्तच येईल आणि शहराचं सगळं एका कंपनीच्या भाड्यावर अडकून राहणार नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. आता तुमच्या गल्लीतला रस्ता दुरुस्त होतो की नाही ते या पैशावर ठरणार आहे, म्हणून तो कुठे खर्च होतो त्यावर नजर ठेवा.

तुमचा मुख्य प्रश्न उरला. शहरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पगारातून १.८ टक्के अर्निंग्ज टॅक्स, म्हणजे शहराचा कमाईवरचा कर, कापला जातो. तुम्ही मेसन किंवा वेस्ट चेस्टर अशा शहराबाहेरच्या उपनगरात घर घेतलंत आणि ऑफिस डाउनटाऊनमध्ये असलं, तरी तिथे काम केलेल्या दिवसांचा कर शहरालाच जातो. २०२० पर्यंत तो २.१ टक्के होता. काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मतदारांनी बससेवेसाठी विक्रीकर वाढवायला मान्यता दिली, आणि बससाठी घेतला जाणारा ०.३ टक्के तेव्हा बंद झाला. म्हणजे तुम्ही या शहराचे करदाते असणार, मतदार नसलात तरी.

मतदानाबाबत एक गोष्ट मनावर घ्या. २०२२ मध्ये ओहायोने घटनादुरुस्ती करून स्थानिक निवडणुकांतही फक्त नागरिकांनाच मत देता येईल असं पक्कं केलं. लायसन्स काढायला गेलात की खिडकीवर ‘मतदार नोंदणी करायची का’ असं विचारलं जाऊ शकतं. नाही म्हणा आणि फॉर्मवर काय खूण झाली आहे ते सही करण्याआधी वाचा. चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी फार जड जाते.

बाकी दारं उघडी आहेत. जवळपास प्रत्येक वस्तीची स्वयंसेवकांनी चालवलेली कम्युनिटी कौन्सिल असते आणि ती साधारण महिन्यातून एकदा संध्याकाळी भरते. आमच्या क्लिफ्टनच्या बैठकीला मी व्हिसावर असल्यापासून जातो. कोणी नागरिकत्व विचारलं नाही. शाळेजवळच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जात होत्या, तो विषय मी तिथेच मांडला, बाकीच्यांनी साथ दिली, कम्युनिटी कौन्सिलच्या नावाने शहराला पत्र गेलं. काम व्हायला वेळ लागला, पण झालं. एकट्याने केलेल्या ई-मेलला जे उत्तर येतं त्यापेक्षा अशा पत्राला येणारं उत्तर वेगळं असतं. प्लम स्ट्रीटवरच्या जुन्या दगडी सिटी हॉलमध्ये कौन्सिलच्या बैठकीत नाव नोंदवून कोणालाही दोन मिनिटं बोलता येतं. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला अर्थसंकल्पावर वस्त्यांमध्ये जाहीर सुनावण्या होतात. त्या चुकवू नका. तिथे पंधरा-वीस माणसं एकाच मागणीसाठी उभी राहिली की नगरसेवक वहीत लिहून घेतात. खड्डा, बंद दिवा, न उचललेला कचरा यासाठी ३११ या शहराच्या तक्रार सेवेला कळवायचं आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवायचा.

शाळांचं पाहायचं असेल तर सिटी हॉलमध्ये जाऊ नका. सरकारी शाळांचं वेगळं निवडून आलेलं मंडळ आहे. बेंगल्स (अमेरिकन फुटबॉल) आणि रेड्स (बेसबॉल) या संघांच्या स्टेडियमांचा खर्च आणि त्यासाठी १९९६ पासून घेतला जाणारा विक्रीकर हे हॅमिल्टन काउंटीच्या तीन कमिशनरांकडे. आणि नॉरवूडला घर पाहत असाल तर एवढं लक्षात ठेवा की ते चारी बाजूंनी सिनसिनाटीने वेढलेलं असलं तरी स्वतंत्र शहर आहे. तिथला महापौर वेगळा, कौन्सिल वेगळं, आणि वर सांगितलेलं पुष्कळसं तिथे लागू होणार नाही. भाडेकरार करण्याआधी पत्ता नक्की कोणत्या शहरात येतो ते काउंटी ऑडिटरच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.